शिक्षकांसाठी दुवे जतन करणारी साधने : रेनड्रॉप, डीगो आणि वेकलेट यांचे परीक्षण

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत रोज काही ना काही चांगले साहित्य येते आणि संध्याकाळपर्यंत ते परिपत्रके, शुभेच्छा आणि तातडीने भरून पाठवायच्या तक्त्यांखाली गाडले जाते. भिंगांचा धडा घ्यायच्या आदल्या रात्री तोच दुवा शोधायला बसावे, तर गट आठवतो, पाठवणाऱ्याचे नाव आठवते, पण दुवा काही हाती लागत नाही. ही अडचण शिक्षकाच्या आळसाची नाही. गप्पांसाठी केलेल्या माध्यमाकडून आपण ग्रंथालयाचे काम करून घेत आहोत, ही खरी अडचण आहे. म्हणूनच दुवे जतन करणे, त्यांना विषयवार खुणा (टॅग) लावणे आणि ते इतरांसाठी खुले करणे, या तीन गोष्टी एकत्र देणाऱ्या साधनांचा विचार मराठी माध्यमाच्या शिक्षकाने गांभीर्याने केला पाहिजे असे मला वाटते. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवतो आणि पुढचे परीक्षण त्याच दृष्टीने लिहिले आहे.

अशा साधनांची गरज का आहे, हे एका पाठ्यपुस्तकावरून लगेच पटेल. बालभारतीचे इयत्ता दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ हे पुस्तक २०१८ साली आले आणि त्यातील शेवटचे प्रकरण ‘अवकाश मोहिमा’ हे आहे. त्यानंतर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. ती घटना वर्गातल्या मुलांनी स्वतः पडद्यावर पाहिली आहे, मात्र त्यांच्या पुस्तकात ती नाही. पुस्तक आणि जग यांच्यामधले हे अंतर शिक्षकानेच भरून काढायचे असते आणि त्यासाठी इस्रोचे पान, एखादी चित्रफीत, एखादा मराठी लेख असे साहित्य दरवर्षी हाताशी असावे लागते. ब्राउझरमधले बुकमार्क हे काम अर्धेच करतात, कारण ते आपल्यापुरतेच राहतात आणि शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याला त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

साधन निवडताना मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहतो : साठवलेले सगळे दुवे एकगठ्ठा बाहेर काढता येतात का? या क्षेत्राचा इतिहास पाहिला तर ही अट पहिली का, हे सांगावे लागत नाही. जोशुआ शाक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ने खुणा लावून दुवे खुले ठेवण्याची पद्धत रूढ केली. २००५ मध्ये याहूने ते विकत घेतले, २०११ मध्ये ते यूट्यूबच्या संस्थापकांपैकी चॅड हर्ली आणि स्टीव्ह चेन यांच्या कंपनीकडे गेले, पुढे आणखी हात बदलले आणि २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या स्पर्धकाने ते विकत घेऊन तेथे नवे दुवे साठवणे बंद केले. गूगलची स्वतःची बुकमार्क सेवा ३० सप्टेंबर २०२१ रोजी बंद झाली. शिक्षकांमध्ये जगभर रुजलेले ऑनलाइन वर्गाचे साधन ‘एडमोडो’ २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद पडले. २००७ पासून चालत आलेले आणि २०१७ पासून मोझिलाकडे असलेले, लेख नंतर वाचण्यासाठी साठवणारे ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ रोजी थांबले. यांपैकी बहुतेक सेवा एकेकाळी खूप वापरल्या जात होत्या, त्यामुळे लोकप्रियता ही टिकाऊपणाची हमी मानता येत नाही. शिक्षकाचा संग्रह मात्र दहा-पंधरा वर्षांच्या नोकरीत हळूहळू वाढत जातो. म्हणून साधन बंद पडेल हे गृहीत धरूनच त्यात शिरावे आणि बाहेर पडण्याची वाट पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी.

या कसोटीवर ‘रेनड्रॉप’ मला आज सर्वांत समाधानकारक वाटते. कझाकस्तानातील रुस्तेम मुसाबेकोव यांनी हे साधन घडवले आहे. त्याच्या विनामूल्य खात्यात दुव्यांची, संग्रहांची किंवा उपकरणांची संख्या मर्यादित नाही आणि सगळा साठा एचटीएमएल किंवा सीएसव्ही स्वरूपात केव्हाही उतरवून घेता येतो. एचटीएमएल स्वरूपातली ती फाइल कोणताही ब्राउझर उघडतो आणि सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये तक्ता होऊन समोर येते, म्हणजे उद्या हे साधन राहिले नाही तरी कष्ट वाया जाणार नाहीत. जुने ब्राउझर बुकमार्क आत घेण्याची सोयही तितकीच सरळ आहे.

मोबाइलवर एखादे पान वाचताना ‘शेअर’ दाबून रेनड्रॉप निवडले की दुवा साठवला जातो आणि त्याच वेळी संग्रह व खूण निवडता येते. शिक्षकाचे बहुतेक वाचन बसस्टॉपवर, मधल्या सुटीत किंवा रात्री मोबाइलवरच होते, त्यामुळे ही साधी वाटणारी सोय निर्णायक आहे, कारण संगणकासमोर बसल्यावर साठवू असे म्हणून सोडलेला दुवा सहसा सुटलेलाच असतो. साठवलेल्या दुव्याबरोबर चित्र, शीर्षक आणि थोडा मजकूर आपोआप येतो. त्याखाली टिपेची जागा आहे आणि शिक्षकाने ती रिकामी सोडू नये असे मी आग्रहाने सांगेन. ‘अवकाश मोहिमा’ या माझ्या संग्रहात प्रत्येक दुव्याखाली दोन ओळी असतात : हे वर्गात किती मिनिटांत दाखवता येते, आवाज लागतो का, आणि कोणता प्रश्न विचारून सुरुवात करावी. चित्रफितीचा नेमका कितवा मिनिट उपयोगाचा आहे, हेही तेथेच लिहिलेले असते. पुढच्या वर्षी मला, किंवा माझ्याऐवजी वर्गावर गेलेल्या सहकाऱ्याला, दुव्यापेक्षा या दोन ओळींचाच अधिक आधार होतो.

संग्रह खुला केला की त्याला स्वतंत्र पत्ता मिळतो आणि तो पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला खाते न उघडता सगळे दुवे दिसतात. हे फार महत्त्वाचे आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. शैक्षणिक संस्थांना काही सवलती असल्या तरी वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांची खाती एखाद्या परदेशी सेवेवर उघडण्याचा निर्णय शिक्षकाने एकट्याने घेण्यासारखा नाही. मुलाला नाव, जन्मतारीख किंवा ईमेल न देता साहित्य पाहता येत असेल, तर त्याच्या माहितीचा प्रश्न बऱ्याच अंशी उरतच नाही. मी खुल्या संग्रहाच्या पत्त्याचा क्यूआर कोड करून वर्गाच्या दारामागे लावतो. पाठ्यपुस्तकातील ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक मंचाच्या कोडमुळे पालकांना ही पद्धत आधीच परिचयाची आहे, त्यामुळे कोणालाही काही समजावून सांगावे लागत नाही.

सहकाऱ्यांसाठी संग्रह सामायिक करता येतो आणि कोणी फक्त पाहायचे व कोणी भर घालायची, हे ठरवता येते. शाळांच्या एका केंद्रातील चार-पाच विज्ञान शिक्षकांनी मिळून एक संग्रह चालवला तर प्रत्येकावरचे काम हलके होते. डिलिशसच्या काळात आपण साठवलेला दुवा आणखी किती जणांनी आणि कोणत्या खुणांनी साठवला आहे हे दिसत असे आणि त्यातून समान आवडीच्या अनोळखी माणसांपर्यंत पोहोचता येत असे. तो व्यापक सामाजिक भाग रेनड्रॉपमध्ये नाही आणि त्याची उणीव मला जाणवते. आज सामाजिकता म्हणजे ओळखीच्या माणसांचा छोटा गट एवढेच उरले आहे. शाळेच्या कामापुरते ते पुरेसे आहे, तरी कोल्हापूरच्या शिक्षकाने साठवलेले भंडाऱ्याच्या शिक्षकाला आपोआप सापडावे, अशी व्यवस्था मराठीत अजून नाही, ही खंत राहते.

रेनड्रॉपच्या सशुल्क योजनेत पानाच्या पूर्ण मजकुरात शोध, पानाची कायमची प्रत आणि तुटलेले दुवे ओळखण्याची सोय मिळते. तिचे शुल्क महिन्याला सुमारे ३ डॉलर पडते. यांतील पानाच्या प्रतीचे मोल मी सर्वांत जास्त मानतो. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. शाळेला हा खर्च झेपत नसेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता देऊन त्याची प्रत विनामूल्य साठवता येते आणि त्या प्रतीचा दुवा मूळ दुव्याच्या टिपेत लिहून ठेवता येतो. हे हाताने करावे लागते, पण वर्षभरात खरोखर वापरली जाणारी पाने मोजकीच असल्याने ते अशक्य नाही.

आता देवनागरीचा प्रश्न. इंग्रजी परीक्षणांत तो कधीच येत नाही आणि आपल्यासाठी तोच सर्वांत नाजूक आहे. दुवे साठवण्यात देवनागरीची अडचण येत नाही, उलट फायदाच होतो. मराठी विकिपीडियावरील ‘गुरुत्वाकर्षण’ या लेखाचा पत्ता ब्राउझरमधून उचलून संदेशात चिकटवला, की प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी टक्क्यांच्या खुणा, रोमन अक्षरे आणि आकडे मिळून नऊ-नऊ चिन्हे उमटतात. त्या एका शब्दाची शंभराहून अधिक चिन्हे होतात आणि पालकांना तो दुवा संशयास्पद वाटतो. संग्रहातून दाखवला की तेथे फक्त स्वच्छ मराठी शीर्षक दिसते.

खरी कसोटी शोधाच्या वेळी लागते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलते. ‘पाऊस’ असा शोध घेतल्यावर ‘पावसाचे मोजमाप’ हे शीर्षक समोर येत नाही आणि ‘पाणी’ शोधल्यावर ‘पाण्याचे असंगत आचरण’ दडून राहते, कारण अक्षरांची जुळणी करणाऱ्या शोधाला सामान्यरूप कळत नाही. ‘ॲ’ हे अक्षर काही कीबोर्ड एकाच चिन्हाने लिहितात, तर काही ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, यंत्राला मात्र ती वेगवेगळी असतात. याशिवाय युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये तयार झालेल्या जुन्या मराठी पीडीएफ फाइली आहेतच. पडद्यावर त्या सुवाच्य मराठीत दिसतात, पण त्यातला मजकूर शोधायला किंवा रंगवून उचलायला गेल्यास निरर्थक चिन्हे हाती येतात.

यावर माझ्या मते एकच उपाय आहे. शोधावर विसंबू नये आणि खुणा शिस्तीने लावाव्यात. खूण नेहमी मूळ रूपात आणि एकवचनी असावी : ‘पाऊस’, ‘भिंग’, ‘धातू’. गटाने मिळून काम करायचे असेल तर खुणांची यादी आधी ठरवून ती संग्रहाच्या वर्णनातच लिहून ठेवावी, म्हणजे एकाचे ‘प्रकाश संश्लेषण’ आणि दुसऱ्याचे ‘प्रकाशसंश्लेषण’ अशी फाटाफूट होत नाही. खुणांमध्ये प्रकरणाचा क्रमांक मात्र घालू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत आणि आज सातवे असलेले प्रकरण उद्या वेगळ्या इयत्तेतही जाऊ शकते, पण भिंग हे भिंगच राहील.

‘डीगो’ची ताकद वेगळी आहे. पानावरील ओळी चार रंगांत रंगवणे, मजकुरावर चिकट टिपा लावणे आणि त्या टिपा गटाला दाखवणे, हा त्याचा गाभा आहे. शिक्षकांसाठी त्याने फार पूर्वीपासून वेगळी खाती ठेवली आहेत. त्यांत संपूर्ण वर्गाची विद्यार्थी-खाती एकत्र तयार करता येतात, मुलांचा ईमेल देणे बंधनकारक नसते, वर्गाचा गट आपोआप तयार होतो आणि मुलांशी संपर्क फक्त शिक्षक व वर्गमित्र यांनाच ठेवता येतो. शिक्षकाच्या कामाचा इतका नेमका विचार या परीक्षणातील दुसऱ्या कोणत्याही साधनात मला दिसला नाही आणि त्याबद्दल डीगोच्या कर्त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

वाचन शिकवण्यासाठी तर ही सोय अमूल्य आहे. धरणाच्या प्रश्नावरील एखादा वृत्तलेख अकरावीच्या मुलांना द्यावा, विधान पिवळ्या रंगाने आणि पुरावा हिरव्या रंगाने रंगवायला सांगावे, आणि मग कोणाला कोणते वाक्य पुरावा वाटले यावर चर्चा करावी. मूल कोठे अडले हे प्रश्नोत्तरांपेक्षा अशा रंगांतून जास्त स्पष्ट दिसते. मतालाच पुरावा समजणारे विद्यार्थी क्षणात लक्षात येतात, आणि तेही कोणाला उभे करून उत्तर न विचारता.

असे असूनही मी डीगो सरसकट सुचवत नाही, कारण त्याची रंगवण्याची सोय मुख्यतः संगणकावरील ब्राउझरच्या विस्तारावर (एक्स्टेंशनवर) उभी आहे आणि आपल्या मुलांच्या हाती बहुधा घरचा एकच अँड्रॉइड मोबाइल असतो, ज्यावरील क्रोममध्ये विस्तार चालत नाहीत. विनामूल्य खात्यावर साठवण आणि रंगवण्याच्या मर्यादाही आहेत. ज्या शाळेत चालू स्थितीतली संगणक प्रयोगशाळा आहे आणि आठवड्याला एक तास हक्काने मिळतो, तेथे डीगो अवश्य वापरावे. महाविद्यालयीन वर्गांसाठी मात्र मी त्याऐवजी ‘हायपोथिसिस’ हे मुक्तस्रोत साधन सुचवेन. ते फक्त टिपांचेच काम करते, पण ते नेटकेपणे करते.

‘वेकलेट’ हे इंग्लंडमधील मँचेस्टरचे साधन साठवण्यापेक्षा मांडणीचे आहे. दुवे, चित्रफिती, पीडीएफ, छायाचित्रे आणि स्वतः लिहिलेला मजकूर एकाखाली एक लावून त्यातून सलग वाचता येईल असे पान तयार होते. संग्रह खाजगी, फक्त दुवा असणाऱ्यांसाठी किंवा सर्वांसाठी खुला असे तीन पर्याय आहेत आणि कोड किंवा क्यूआर कोड देऊन इतरांना भर घालायला बोलावता येते. इतिहासाच्या शिक्षकाने रायगडावरील साहित्य एका क्रमाने मांडायचे असेल, किंवा पालकांसाठी दहावीच्या उजळणीचे एकच पान हवे असेल, तर वेकलेट रेनड्रॉपपेक्षा अधिक देखणे आणि समजायला सोपे आहे. दोन दुव्यांच्या मध्ये चार ओळी लिहून धागा जोडता येतो, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट. शेकडो दुव्यांचा वाढता साठा सांभाळायला मात्र मी ते वापरणार नाही, कारण खुणांची आणि वर्गवारीची जी शिस्त तेथे लागते ती त्याच्या रचनेत केंद्रस्थानी नाही. आधी रेनड्रॉपमध्ये जमवावे आणि त्यातले निवडक वेकलेटवर मांडावे, हा क्रम मला पटतो.

‘पॅडलेट’ अनेक प्रशिक्षणांत दाखवले जाते म्हणून त्याचा उल्लेख करतो. वर्गात सर्वांनी एकाच फलकावर एकाच वेळी चिकटवायचे असेल तर ते उत्तम आहे, परंतु विनामूल्य खात्यात फलकांची संख्या फारच थोडी असल्याने संग्रहासाठी त्याचा विचार करू नये. वर्षाला शुल्क घेणारे पिनबोर्ड साधे आणि वेगवान आहे, पण त्याचे रूप इतके कोरडे आहे की सहकाऱ्यांना त्याकडे वळवणे कठीण जाईल.

शाळेने एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे ठरवले, तर रेनड्रॉपचे एक सशुल्क खाते विषय-गटाच्या प्रमुखाच्या नावे घ्यावे आणि बाकीच्यांनी विनामूल्य खात्यांतून त्याच संग्रहात भर घालावी. ते खाते शिक्षकाच्या खाजगी ईमेलवर न उघडता शाळेच्या ईमेलवर उघडावे, म्हणजे बदली झाली तरी संग्रह शाळेतच राहील. दोन्ही सत्रांच्या शेवटी सगळा साठा सीएसव्ही स्वरूपात उतरवून शाळेच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावा. या कामाला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाला त्याची स्वतःची प्रतही त्याच वेळी देता येते.